विसर्जन घाटावरील निर्माल्य संकलन : पहिल्यांदा केंद्र चालवणाऱ्यांसाठी

अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी घाटावर ‘निर्माल्य येथे द्यावे’ असा फलक, त्याखाली एक टेबल आणि टेबलामागे हातमोजे घातलेली चार-पाच मुले हे दृश्य आता महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत ओळखीचे झाले आहे. त्या मुलांनी भरलेली पोती दुसऱ्या दिवशी कोठे जातात हे मात्र घाटावर येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, आणि पुष्कळदा खुद्द त्या मुलांनाही ठाऊक नसते. नदीत जाण्यापासून वाचवलेले निर्माल्य प्लास्टिकसकट कचरा डेपोवर जाऊन पडणार असेल, तर प्रदूषणाची जागा बदलली एवढेच म्हणता येईल. म्हणून या लेखात तयारीचा क्रम शेवटाकडून लावला आहे : आधी खताची जागा, मग माणसे आणि फलक सर्वांत शेवटी. एखादी सोसायटी, राष्ट्रीय सेवा योजनेचा महाविद्यालयीन गट, गणेश मंडळ किंवा गल्लीतील दहा-बारा शेजारी पहिल्यांदाच असे केंद्र चालवणार आहेत, असे पुढील सूचनांत गृहीत धरले आहे.

निर्माल्य पाण्यात का नको

फुले, पत्री आणि दूर्वा मुळात कुजणाऱ्याच वस्तू आहेत, तेव्हा त्या नदीत सोडल्या तर काय बिघडले, हा प्रश्न घाटावर हमखास विचारला जातो आणि त्याचे उत्तर प्रत्येक कार्यकर्त्याला देता आले पाहिजे. पाण्यात पडलेल्या सेंद्रिय पदार्थांवर जिवाणू वाढतात, ते कुजवण्याच्या कामात पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात, आणि एकाच दिवशी एकाच ठिकाणी मोठा भार पडला तर माशांना व इतर जलचरांना लागणारा प्राणवायू उरत नाही. वाहत्या, भरलेल्या नदीत हा परिणाम विरळ होतो. परंतु शहरांतील नद्या बंधाऱ्यांनी अडलेल्या आणि आधीच सांडपाण्याने भारलेल्या असतात, तर तलावांना वाहणेच नसते. शिवाय आजच्या निर्माल्यात निव्वळ फुले क्वचितच असतात. नायलॉनचा दोरा, चमकी, कृत्रिम हार, थर्माकोलचे तुकडे आणि ज्या प्लास्टिकच्या पिशवीतून हे सारे आणले ती पिशवी, असा तो सगळा ऐवज असतो.

या उपक्रमामागे बरीच वर्षांची वाटचाल आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने विसर्जित मूर्ती आणि निर्माल्य दान करण्याचे आवाहन वर्षानुवर्षे केले, त्या काळी त्याला विरोधही झाला, आणि पुढे कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी लोकांनी हे आवाहन मोठ्या प्रमाणावर स्वीकारले. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून काम करते. तिच्यातून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था नदीकाठच्या घाटांवर निर्माल्य गोळा करण्याच्या मोहिमांसाठी ओळखली जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्ती विसर्जनाविषयी २०१० मध्ये दिलेल्या आणि २०२० मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही फुले, वस्त्रे व सजावटीचे साहित्य विसर्जनापूर्वी काढून घ्यावे असे म्हटले आहे. त्यामुळे कोणी ‘तुम्हाला हे सांगितले कोणी’ असे विचारल्यास वाद न घालता या तत्त्वांचा दाखला देता येतो.

दीड-दोन महिने आधी : खताची जागा आणि कोरडा माल

आषाढातच जागेचा शोध घ्यावा. सोसायटीतील खताचा खड्डा, शाळेच्या आवाराचा एक कोपरा, महापालिकेच्या उद्यान विभागाची रोपवाटिका किंवा शहरालगतच्या एखाद्या शेतकऱ्याचे शेत यांपैकी काहीही चालेल. मात्र पाणी साचणार नाही अशी थोडी उंच जमीन, टेम्पो आत जाईल असा रस्ता आणि पुढचे तीन महिने ती जागा कोणी मागणार नाही याची खात्री हवी. महापालिकेची गाडी निर्माल्य नेणार असेल तर ते स्वतंत्र नेले जाते की घंटागाडीतील इतर ओल्या कचऱ्यात मिसळते, आणि कोणत्या प्रकल्पावर रिकामे केले जाते, हे विभागातील जबाबदार व्यक्तीला प्रत्यक्ष भेटून विचारावे. ‘आम्ही बघून घेऊ’ हे उत्तर मिळाल्यास दुसरी जागा शोधणे बरे.

नवख्यांच्या लक्षात सहसा न येणारी गोष्ट म्हणजे कोरडा माल. ताज्या फुलांत पाण्याचा अंश फार असतो. नुसत्या फुलांचा ढीग दोन दिवसांत बसतो, त्यात हवा खेळत नाही आणि मग तो कुजून दुर्गंधी सोडतो. त्यासाठी फुलांच्या साधारण निम्म्या आकारमानाइतका कोरडा, कार्बनयुक्त माल मिसळावा लागतो. सुकी पाने त्यासाठी उत्तम, पण ती मिळतात पानगळीत, म्हणजे माघ-फाल्गुनात, आणि गणपती येतात ऐन पावसाळ्याच्या शेवटी. ज्यांनी उन्हाळ्यात पाने पोत्यांत भरून ठेवली असतील त्यांचे काम सोपे आहे. इतरांनी लाकडाच्या वखारीतून भुसा, गिरणीतून भाताचा तूस, ऊस पट्ट्यात असल्यास पाचट किंवा रोपवाटिकेतून नारळाच्या काथ्याचा चुरा आधीच आणून झाकून ठेवावा. भुसा घेताना तो प्लायवूडचा नाही ना, एवढे पाहावे, कारण त्यात चिकटद्रव्ये असतात.

जागा आणि कोरडा माल यांवरून आपण किती निर्माल्य पेलू शकतो याचा अंदाज येतो. पहिल्या वर्षी तो अंदाज कमीच ठेवावा आणि तेवढेच निर्माल्य स्वतःकडे घेऊन उरलेले महापालिकेच्या निर्माल्य कलशात जाऊ द्यावे, असे माझे मत आहे.

परवानगी

घाट किंवा तलाव महापालिकेच्या ताब्यात असल्यास क्षेत्रीय कार्यालयातील घनकचरा व्यवस्थापन विभागाला साध्या कागदावर अर्ज द्यावा. दिवस, वेळ, जागा, कार्यकर्त्यांची संख्या, जबाबदार व्यक्तीचे नाव आणि निर्माल्य नंतर कोठे नेणार हे त्यात असावे. अर्जाची प्रत स्थानिक पोलीस ठाण्यात द्यावी. मांडव किंवा ध्वनिक्षेपक असेल तर स्वतंत्र परवानगी लागते, म्हणून पहिल्या वर्षी दोन्ही टाळावेत. त्याच भेटीत त्या भागातील मुकादमांची ओळख करून घ्यावी. घाटावर रात्री बारा वाजता पोती उचलायला गाडी कधी येणार हे वरिष्ठ अधिकाऱ्यांपेक्षा मुकादमांना अधिक नेमके ठाऊक असते.

मूर्तींचे विसर्जन कोठे करता येईल याविषयीचे नियम अलीकडे बदलत आहेत. २०२५ च्या गणेशोत्सवाआधी मुंबई उच्च न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावांतच विसर्जित करण्यास सांगितले होते. आपल्या शहरातील त्या वर्षीचा आदेश वाचूनच केंद्राची जागा ठरवावी, कारण गर्दी कृत्रिम हौदांकडे वळली असेल तर नदीच्या पायऱ्यांवर टेबल मांडून उपयोग नाही.

मूर्ती आणि निर्माल्य, दोन्ही एकदम नको

मूर्ती संकलन आणि निर्माल्य संकलन एकाच टेबलावर करण्याचा मोह पुष्कळांना होतो. पहिल्या वर्षी तो आवरावा. मूर्ती स्वीकारणे हे भावनेच्या दृष्टीने फार नाजूक काम आहे, त्यासाठी जागा, वाहन आणि पुढील व्यवस्था वेगळी लागते, आणि मूर्ती हाताळताना एखादी भंगली तर सगळ्या उपक्रमाला गालबोट लागते. घरी मूर्ती विरघळवण्याबद्दल लोक विचारतीलच. शाडूची मूर्ती बादलीभर साध्या पाण्यात विरघळते आणि ती माती पुन्हा वापरता येते. पुण्यात ‘पुनरावर्तन’ या मोहिमेतून अशी माती गोळा करून पुन्हा मूर्तिकारांकडे पोहोचवली जाते. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत सुचवली आहे. त्यात जिप्समचे कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी साका बसतो आणि पाण्यात अमोनियम सल्फेट उरते, जे खत म्हणून वापरले जाते. अमोनियाचा उग्र वास येतो, तेव्हा हे बाल्कनीत किंवा अंगणात करावे एवढे सांगावे, आणि प्रमाणासाठी महापालिकेचे माहितीपत्रक हाती द्यावे.

दीड दिवसाच्या गणपतीला रंगीत तालीम

केंद्राचा पहिला दिवस अनंत चतुर्दशी असू नये. दीड दिवसाच्या गणपतींचे विसर्जन तुलनेने शांतपणे होते, कुटुंबे घाईत नसतात आणि कार्यकर्त्यांना बोलण्याचा सराव होतो. त्यानंतर पाचवा दिवस आणि गौरी-गणपतींचे विसर्जन येते. गौरींच्या दिवशी निर्माल्याचे स्वरूपच वेगळे असते : तेरड्याची रोपे, केळीची पाने, ओटीतील तांदूळ, गौरीपुढे मांडलेल्या भाज्या आणि फळे. पालेदार माल भरपूर असल्याने खताच्या दृष्टीने हा दिवस सर्वांत चांगला. या दिवसांत कोणत्या वस्तू येतात, किती पोती लागतात आणि गर्दी किती वाजता वाढते हे वहीत टिपून ठेवले की शेवटच्या दिवसाची आखणी अंदाजावर सोडावी लागत नाही.

टेबल कोठे आणि कसे मांडावे

पाण्याच्या काठावर टेबल मांडण्याची चूक जवळजवळ प्रत्येक नवीन गट करतो. काठावर पोहोचलेल्या कुटुंबाचे मन विसर्जनात गुंतलेले असते, हातात मूर्तीचा पाट असतो, मागून रेटा असतो. अशा वेळी पिशवी उघडून त्यातले प्लास्टिक निवडायला कोणी थांबत नाही. जेथे लोक शेवटची आरती करतात तेथे, किंवा त्याच्या थोडे अलीकडे, वाटेच्या कडेला टेबल हवे. शक्य असल्यास शेजारी आरतीसाठीच एक स्वच्छ, झाकलेले टेबल ठेवावे, त्यावर काडेपेटी असावी. लोक मूर्ती तेथे ठेवतात, हार आपणहून उतरवतात आणि मग तो हार शेजारच्या टेबलावर देणे त्यांना स्वाभाविक वाटते. अनेक घरांत विसर्जनानंतर पाटावर मूठभर वाळू किंवा माती घेऊन परतण्याची रीत आहे. कृत्रिम हौदाजवळ ती मिळत नाही, म्हणून एका घमेल्यात स्वच्छ वाळू ठेवावी. केंद्रावर लोकांचा विश्वास बसण्यास ही वाळू फलकापेक्षा अधिक उपयोगी पडते.

साहित्य फार लागत नाही. दोन लांब टेबले, खाली पसरायला ताडपत्री, धुतलेली रिकामी पोती, घमेली, जाड रबरी हातमोजे, कात्र्या, वजनकाटा, विजेऱ्या, प्रथमोपचार पेटी, पिण्याचे पाणी आणि पावसासाठी मोठ्या छत्र्या किंवा आच्छादन एवढ्यावर भागते. गोळा करण्यासाठी नवीन प्लास्टिक पिशव्या विकत घेऊ नयेत. पोत्यांवर ठळक अक्षरांत ‘फुले-पत्री’, ‘प्लास्टिक-थर्माकोल’, ‘कापड’, ‘फळे-नारळ’ असे लिहून ठेवले तर रात्री थकल्यावर होणारा गोंधळ टळतो.

माणसे

एका पाळीत साधारण नऊ-दहा जण पुरतात : दोघे वाटेवर उभे राहून विनंती करणारे, चौघे टेबलावर निवडणारे, दोघे पोती हलवणारे आणि एक नोंद ठेवणारा. पाळी तीन तासांहून मोठी नसावी, कारण ढोल-ताशांच्या आवाजात आणि ओल्या निर्माल्यात उभे राहणे दिसते त्यापेक्षा थकवणारे असते. कानात घालायचे बोळे प्रत्येकाकडे असावेत. अठरा वर्षांखालील मुलांना पाण्याच्या बाजूला अजिबात ठेवू नये आणि पाण्यात उतरण्याचे काम कोणत्याही कार्यकर्त्याने करू नये. त्यासाठी जीवरक्षक असतात. पायांत बंद बूट हवेत. पावसाळी चिखलातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो, तेव्हा हातापायाला जखम असलेल्याने नोंदीचे काम घ्यावे, आणि पुढील काही दिवसांत ताप आल्यास डॉक्टरांना घाटावरील कामाविषयी सांगावे. मुली व महिलांसाठी स्वच्छतागृह जवळ आहे का आणि रात्री घरी कोण पोहोचवणार आहे, हे आधी ठरवावे. हे न ठरल्यामुळे पुढच्या वर्षी अर्धा गट येत नाही.

बोलावे कसे

घाटावर प्रबोधनाचे भाषण करू नये. कुटुंब निरोपाच्या क्षणी असते आणि त्या वेळी नदीच्या प्रदूषणाची आकडेवारी ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी नसते. हात जोडून, हसतमुखाने ‘काका, हार-फुलं इकडे देता का? आम्ही त्याचं खत करतो आणि इथल्याच झाडांना घालतो’ एवढे वाक्य पुरते. लोकांच्या हातातून पिशवी ओढून घेणे, चित्रीकरण करत विनंती करणे किंवा नकार देणाऱ्याकडे रोखून पाहणे कटाक्षाने टाळावे. काही ज्येष्ठांना निर्माल्य पाण्याला न लावता देणे जड जाते. त्यांच्यासाठी टेबलावर तांब्यात नदीचे पाणी ठेवून ते निर्माल्यावर शिंपडू द्यावे, किंवा दोन फुले आणि एक दूर्वा पाण्यात सोडून बाकीचे द्या असे सुचवावे. माझ्या मते ही तडजोड नाही. दोन फुलांनी नदीचे काही बिघडत नाही आणि उरलेली टोपलीभर फुले आपल्याकडे येतात. निर्माल्याची पोती पायाखाली येणार नाहीत आणि त्यांवर कोणी बसणार नाही याकडेही लक्ष असावे. देणाऱ्यासाठी ते अजून पूजेतलेच असते.

निवड : सगळ्या कामाचा कणा

निवड तेथेच आणि तेव्हाच करावी. ‘आता भरून ठेवू, उद्या निवडू’ असे म्हणून बांधलेले पोते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आतून तापते, फुलांचा लगदा होतो आणि त्यातून चमकी किंवा पिना वेचणे अशक्य होते.

फुले, दूर्वा, पत्री, विड्याची पाने, आंब्याचे डहाळे आणि केळीचे खांब हे खताकडे जाणारे. हार असल्यास आधी दोरा पाहावा : सुती दोरा कुजतो, पण हल्ली बरेच हार नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेले असतात, म्हणून दोन ठिकाणी कात्री लावून दोरा ओढून काढावा. तो तसाच राहिला तर खत चाळताना जाळ्या होतात आणि गुरांच्या पोटात गेल्यास जिवावर बेतते. कापसाची वस्त्रे आणि सुती जानवे कुजतात. हळद-कुंकू, अष्टगंध आणि गुलाल यांच्या पुड्या मात्र वेगळ्या काढाव्यात, कारण बाजारातील रंग बहुधा कृत्रिम असतात. कापूर, उदबत्तीच्या काड्या, पणत्या, फुलवाती आणि तेलाच्या बाटल्याही खतात नकोत.

अखंड नारळ आणि चांगली फळे त्याच रात्री वेगळी काढून वाटावीत. सफाई कर्मचारी, जीवरक्षक किंवा बंदोबस्तावरचे पोलीस यांना द्यायची असल्यास आधी विचारून, नीट धुऊन द्यावीत. फोडलेला नारळ आणि शिजवलेला प्रसाद, म्हणजे मोदक, दही-पोह्यांची शिदोरी, हे फुलांच्या ढिगात टाकल्यास उंदीर आणि कुत्री ढीग उकरतात, म्हणून ते ओल्या कचऱ्यात स्वतंत्र द्यावे. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी असली तरी जुनी मखरे अजूनही येतात. ती प्लास्टिकसोबत सुक्या कचऱ्यात जातील. या सुक्या मालासाठी परिसरातील कचरावेचकांशी आधी बोलून ठेवावे, आणि त्यांना मोबदला देऊन निवडीच्या टेबलावरच बोलावता आले तर आपल्या स्वयंसेवकांना त्यांच्याकडून शिकायला मिळते. कोणते प्लास्टिक विकले जाते आणि कोणते नाही हे त्यांना हाताने कळते.

निर्माल्यासोबत जुन्या तसबिरी, फुटलेल्या मूर्ती, देवांच्या दिनदर्शिका आणि पोथ्याही येतात. घ्यायच्या की नाही हे आधीच ठरवून फलकावर लिहावे. घेतल्यास काच, चौकट आणि कागद वेगळे करण्याचे काम घाटावर न करता बंद जागेत करावे. रस्त्यावर देवाची तसबीर मोडताना दिसली तर ती कशासाठी हे कोणी विचारत नाही.

रात्री आवरताना

शेवटचे पोते बांधल्यावर वजन करून वहीत लिहावे, ताडपत्री धुवावी आणि टेबलाभोवतीचा परिसर आल्यापेक्षा स्वच्छ करून निघावे. सांडलेल्या पाकळ्या आणि चहाचे कागदी पेले दुसऱ्या दिवशी पहाटे सफाई कर्मचाऱ्यांनाच उचलावे लागतात. पोती शक्यतो त्याच रात्री खताच्या जागी न्यावीत. न जमल्यास तोंडे सैल ठेवून, उभी, सावलीत ठेवावीत.

खत

जमिनीवर आधी जाड काड्यांचा किंवा करवंट्यांचा थर घालावा म्हणजे खालून हवा मिळते आणि पाणी निचरते. केळीचे खांब कोयत्याने बारीक करावेत. त्यावर दोन घमेली फुले आणि एक घमेले कोरडा माल, असे थर देत जावे आणि मधूनमधून शेणकाला, आंबट ताक किंवा आधीचे खत चाळून उरलेला जाड भाग टाकावा. कुजण्याला गती देणारे विकतचे विरजण चालते, पण आवश्यक नाही. ढीग लांबी-रुंदी-उंचीला साधारण एकेक मीटर असावा. त्याहून फार लहान ढीग तापत नाही. नीट जमलेला ढीग काही दिवसांतच आतून ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत जातो, आणि त्या उष्णतेने तणांचे बी व रोगजंतू बरेचसे मरतात. हात घालवत नाही इतका तापला की काम योग्य चालले आहे असे समजावे.

आठवड्यातून एकदा ढीग वरखाली करावा. मूठभर माल पिळल्यावर बोटांमधून एखादा थेंब यावा, धार लागू नये, हे ओलाव्याचे माप. वास आला तर भुसा किंवा तूस वाढवून लगेच उलथावे. कोरडा पडून थंडावला तर पाणी शिंपडावे. परतीचा पाऊस मोठा असतो, म्हणून वरून ताडपत्री हवी, परंतु बाजू उघड्या ठेवाव्यात. गांडुळे सोडायची असल्यास ढीग थंड झाल्यावरच सोडावीत, ताज्या, तापत्या निर्माल्यात ती मरतात. दोन ते तीन महिन्यांत ढीग निम्म्याहून खाली बसतो, काळपट होतो आणि त्याला पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो. मग तो चाळून उरलेला जाड भाग पुढच्या ढिगात विरजण म्हणून ठेवावा.

चाळलेले खत लहान कागदी पुड्यांत भरून, ज्या सोसायट्यांतून आणि वस्त्यांतून निर्माल्य आले त्यांना परत द्यावे, आणि पुडीवर किती किलो निर्माल्यातून किती खत झाले हे वहीतील आकड्यांनुसार छापावे. उरलेले घाटावरील झाडांना किंवा महापालिकेच्या बागेला द्यावे. टेबले, काटा आणि पोती मात्र लगेच माळ्यावर टाकू नयेत. पितृपक्ष संपला की घटस्थापना होते, आणि दसऱ्याच्या सुमारास देवीच्या विसर्जनाला झेंडूचा भार गणपतीइतकाच असतो.